मुलाखत पुन्हा पुन्हा नीट उतरत नाही: रेकॉर्डर बदलायचा की सॉफ्टवेअर?

‘आम्ही गाडी फोडायला जायचो और दुपारी मिलो, चीज भाकर.’

माण तालुक्यातल्या एका आजींच्या मुलाखतीतलं वाक्य, रेकॉर्डिंग ऐकून मजकूर लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरने मला असं लिहून दिलं. आजी म्हणाल्या होत्या, ‘आमी खडी फोडाया जायचो, आन् दुपारी मिलोची भाकर.’ विषय बहात्तरच्या दुष्काळाचा होता. रस्त्याच्या कामावर खडी फोडणं, हजेरी घेणारा मुकादम, सुकडी, रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल मिलो, हे ज्यांनी सोसलं ती माणसं आता थोडी उरली आहेत. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन त्यांचं बोलणं जमा करायचं काम मी गेली काही वर्षं करते आहे.

त्या सत्तेचाळीस मिनिटांतून जेमतेम दहा मिनिटांचा मजकूर कामाचा निघाला. आधी मी सॉफ्टवेअर बदललं. मग पैसे भरून आणखी एक घेतलं. मग वाटलं, फोनच जुना झालाय, म्हणून वेगळा रेकॉर्डर आणला. पुढच्या गावात पुन्हा तेच. दोष ना सॉफ्टवेअरमध्ये होता ना फोनमध्ये. तो होता आजींचं तोंड आणि माइक यांच्या मधल्या चार फुटांत.

हाच त्रास ज्यांना वरचेवर होतो, म्हणजे प्रबंधासाठी मुलाखती घेणारे विद्यार्थी, वार्ताहर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जपून ठेवू पाहणारे, त्यांनी काहीही विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधावं. ते कसं शोधायचं आणि त्यानुसार पैसे कुठे घालायचे, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तीस सेकंद स्वतः ऐका

बिघडलेल्या रेकॉर्डिंगच्या मधला कुठलाही तीस सेकंदांचा तुकडा घ्या. सुरुवातीचा नको, कारण पहिली दोन मिनिटं सगळेच जपून, सावकाश बोलतात. कानात इअरफोन घाला आणि एकदाच ऐकून, मागे न जाता, ऐकलेलं कागदावर लिहा. तुम्ही स्वतः त्या खोलीत बसला होतात, विषय तुम्हाला ठाऊक आहे, बोली ओळखीची आहे. तरीही तुमचे शब्द गळत असतील, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते भरून काढणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा खर्च माइकवर आणि मेहनत खोलीवर.

तुम्हाला शब्द न् शब्द कळला आणि सॉफ्टवेअरला नाही, तर मात्र दोष त्याचा किंवा त्याला दिलेल्या सूचनांचा. तिथे नवा रेकॉर्डर आणून काही फरक पडत नाही.

याच्या जोडीला उलट बाजूनेही एक परीक्षा करा. त्याच फोनवर, वीतभर अंतरावरून, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद स्वतः वाचून रेकॉर्ड करा आणि त्याच सॉफ्टवेअरला द्या. मजकूर बऱ्यापैकी उतरला तर फोन आणि सॉफ्टवेअर दोन्ही धडधाकट आहेत. मी ही परीक्षा सुरुवातीलाच केली असती तर एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणी आणि पाच-सहा मुलाखती वाचल्या असत्या. वर्गणीचं दुःख नाही. मुलाखतींचं आहे.

चार फुटांचा हिशेब

माइकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो. वीतभरावरचा, म्हणजे २० सेंटिमीटरवरचा माइक चार फुटांवर, १२० सेंटिमीटरवर नेला तर ही घसरण १५ डेसिबलच्या वर जाते. पंखा मात्र तेवढ्याच जोरात ऐकू येत राहतो. भिंतींवरून फिरून येणारा आवाजही तसाच राहतो. म्हणजे बोलणं खाली गेलं आणि बाकी सगळं होतं तिथेच राहिलं.

आपल्याकडच्या खोल्या तर घुमायलाच बसलेल्या असतात. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना गिलाव्याच्या उघड्या भिंती. माणसाचा कान त्यातूनही बोलणं वेगळं काढतो, कारण त्याला दोन बाजूंनी ऐकू येतं आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. माइकला यातलं काहीच नसतं. ख, ग आणि घ यांच्यातला फरक म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागांत सुटणारा श्वास आणि घशाचा कंप. खोली घुमली की आधी तोच बुजतो. ‘खडी’ची ‘गाडी’ झाली ती अशी.

फोन त्यात आणखी भर घालतो. बहुतेक फोन आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतात. आजी थांबल्या की फोन माइक वाढवतो आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पंखा मोठा होतो. आजी पुन्हा बोलू लागल्या की पहिला शब्द फाटतो. रेकॉर्डिंग ऐकताना श्वास घेतल्यासारखी घरघर वरखाली होत असेल तर हाच प्रकार समजा.

यावरचे पहिले उपाय फुकटचे आहेत. पंखा बंद करा. ओसरीवरून माजघरात जा, जिथे धान्याची पोती, गाद्यांची उतरंड, दोरीवरचे कपडे असतात; हे सगळं आवाज पितं. समोर टेबल असेल तर त्यावर गोधडी पसरा. फोन टेबलावर ठेवायचाच झाला तर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि चार्जिंगच्या भोकाची कड बोलणाऱ्याकडे करा, कारण मुख्य माइक बहुतेक फोनांत तिथेच असतो. फ्रीज बंद केलात तर तुमच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो चालू न करता तुम्हाला निघताच येणार नाही. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यानंतरची चांगली. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या नसतात, पोरं शाळेत असतात. माझ्याकडची सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग भारनियमनाच्या तासांत झालेली आहेत. आता वीज गेली की मी मनातून खूश होते.

पदराला लावायचा माइक

आणि मग पहिला खर्च: कपड्याला लावायचा चिमट्याचा माइक. रेकॉर्डर, अ‍ॅप, वर्गणी या सगळ्याच्या आधी. आपल्याकडे बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा सहा मीटर वायरचा माइक बराच चालतो, आणि त्याच्याविषयीच्या निम्म्या तक्रारी एकाच ठिकाणी सुटतात. त्याच्या वायरवर एक छोटी डबी असते, तिच्यात एलआर४४ चा बटण-सेल बसतो आणि बाजूला एक खटका असतो. फोनला लावताना खटका फोनच्या बाजूला, रेकॉर्डरला किंवा कॅमेऱ्याला लावताना कॅमेऱ्याच्या बाजूला. कॅमेऱ्याच्या बाजूला असताना सेल खर्च होत राहतो, म्हणून काम झालं की खटका परत फिरवायचा. जवळ एक जादा सेल ठेवा. तालुक्याच्या गावी घड्याळवाल्याकडे सहज मिळतो.

दुसरी अडचण पिनची. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची, दोन असतील तर रेकॉर्डरची. हल्लीच्या कितीतरी फोनांना गोल भोकच नसतं, मग जोडणी-वायर लागते, आणि स्वस्तातल्या काही जोडण्या फक्त ऐकण्याच्या असतात; माइक त्यांतून जातच नाही. फोन काही सांगत नाही. तो मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि आपण समजतो की पदराला लावलेला माइक चालू आहे. म्हणून दर वेळी, अगदी दर वेळी, सुरुवातीला नखाने चिमट्याच्या माइकवर हलकेच खाजवा आणि पडद्यावरची रेघ उसळते का पाहा. नाही उसळली तर माइक लागलेला नाही.

आता तो लावायचा कुठे? हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मध्यावर, असं सगळीकडे सांगतात. शर्टाला ते सोपं आहे. नऊवारी नेसलेल्या आजींना नाही. पदर दर दोन मिनिटांनी सावरला जातो, गळ्यात डोरलं आणि बोरमाळ असते, आणि बोलता बोलता हात वर गेला की बांगड्या माइकवर येतात. पहिल्या काही मुलाखतींत माझ्याकडे डोरल्याच्या मण्यांचा खळखळाटच जास्त आला. मग एका घरातल्या सूनबाईंनी तोड काढली. त्यांनी पदर खांद्यावर पिनेने बसवला, आणि माइक त्या पिनेजवळच्या घडीला, दागिन्यांच्या बाजूला नाही तर बाहेरच्या बाजूला, तोंड वर करून लावला. वायरीचा एक छोटा वेढा करून तो दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीने पदराच्या आतल्या बाजूला चिकटवला, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का वेढ्यात जिरतो. तेव्हापासून मी हेच करते. माइक लावायचं काम घरातल्या बाईला सांगते. आजोबा असतील तर मुलाला किंवा नातवाला. परक्याने अंगाशी झटायचं नसतं, आणि घरच्या माणसाने लावला की आजींचंही अवघडलेपण जातं.

बिनतारी चिमटे आता पुष्कळ मिळतात आणि चांगलेही आहेत, फक्त चार्ज करून न्यावे लागतात. ब्लूटूथ इअरफोनचा माइक मात्र यासाठी वापरू नका. बोलण्यासाठी तो चालू झाला की आवाज सहसा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर (म्हणजे सेकंदात आवाजाची तितक्याच वेळा नोंद होते) उतरतो आणि वर दाबलाही जातो. जुन्या टेलिफोनवर ऐकल्यासारखं होतं.

फोन पुरतो की वेगळा रेकॉर्डर हवा?

चिमट्याचा माइक लावला की निम्म्याहून जास्त लोकांना फोन पुरतो. असं स्पष्ट लिहिते, कारण मला कुणी तेव्हा सांगितलं नव्हतं. फोनची खरी भानगड आवाजाची नसून व्यवधानांची आहे: मध्येच फोन येतो, बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली प्रणाली मागचं अ‍ॅप बंद करून टाकते, जागा भरते. विमान मोड लावा, त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा आणि घरी एकदा पडदा कुलूपबंद करून अर्धा तास रेकॉर्डिंग चालवून पाहा. ते शेवटपर्यंत टिकलं तर गावातही टिकेल.

वेगळा रेकॉर्डर घ्यावा तो दिवसाला तीन-चार मुलाखती असतील तर, किंवा दोन माणसांचं बोलणं वेगवेगळं हवं असेल तर. मला तो हवाच होता. त्यात पातळी हाताने लावता येते, आपोआप वरखाली होत नाही. सर्वांत मोठ्याने बोललेला शब्द पडद्यावर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं लावा. हसणं, हाक मारणं यांना वर जागा राहते. खालचे सूर कापणारी सोय असेल तर ८० हर्ट्झवर चालू ठेवा, म्हणजे आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बरीच कमी होते. फाइल वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारची, ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन मार्ग (डावा आणि उजवा), असं ठेवलं तर तासाला साधारण ६३५ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पन्नास तास. खोक्यावर ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९६,००० नमुने, लिहिलंय म्हणून महागडा रेकॉर्डर घेऊ नका. बोलणं लिहून देणारं व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर, ज्याविषयी पुढे सांगते, काहीही दिलं तरी ते आधी १६,००० नमुन्यांवर आणतं आणि मगच ऐकतं.

दोन गोष्टींनी माझ्या मुलाखती गेल्या आहेत, त्या इथे सांगते. काही रेकॉर्डरांत लाल बटण पहिल्यांदा दाबलं की ते फक्त तयारीत येतं. दिवा लुकलुकतो, काटा हलतो, पण रेकॉर्डिंग सुरू झालेलं नसतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो. दिव्याकडे न पाहता सेकंदांचा आकडा पुढे सरकतोय का, हे पाहायचं. आणि थांबवण्याचं बटण दाबल्याशिवाय सेल काढायचे नाहीत, कार्डही काढायचं नाही. फाइल बंद होताना तिच्यात तिची लांबी लिहिली जाते; ती लिहिली गेली नाही तर तासाभराची फाइल शून्य सेकंदांची दिसते.

रेकॉर्डरचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा दोन मार्गांचा. एका छोट्या फाट्याच्या वायरीने दोन चिमटे जोडले की डाव्या मार्गावर आजी, उजव्यावर मी. घरी ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे फुकट आहे, दोन्ही मार्ग सुटे करून वेगवेगळ्या फाइली करायच्या. कोण बोललं हे आवाजावरून ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण सासू-सुना एकदम बोलू लागल्या, दारातून शेजारीण ‘तसं न्हवं गं’ म्हणाली, की त्यांचा गोंधळ होतो. जे काम शे-दोनशे रुपयांच्या वायरीने होतं ते सॉफ्टवेअरवर का टाकायचं?

हल्ली फोनच्या पाठीला चिकटणारे पत्त्यासारखे पातळ रेकॉर्डर निघालेत, जे रेकॉर्डही करतात आणि मजकूरही देतात. घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. मराठी येतं का, आणि नमुना म्हणून तुमचीच फाइल ते उतरवून दाखवतील का? मूळ ध्वनिफाइल बाहेर काढता येते का? वर्गणी थांबवली तर यंत्र साधा रेकॉर्डर म्हणून तरी चालतं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर मी घेणार नाही.

फोनवरचं बोलणं

मुंबईला किंवा सुरतेला गेलेल्या लेकाशी फोनवर बोलून मुलाखत पुरी करावी लागते. कॉल रेकॉर्ड करणारं अ‍ॅप बंद पडलं अशी तक्रार सतत येते. ११ मे २०२२ पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना अपंगांसाठी असलेल्या सोयीच्या आडून कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली आहे, त्यामुळे नवनवी अ‍ॅप शोधत बसण्यात अर्थ नाही. फोनमध्ये मुळातच ती सोय असेल तर ती वापरा. आयफोनमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या १८.१ आवृत्तीपासून आहे, आणि रेकॉर्डिंग सुरू होताना ते दोघांनाही ऐकवलं जातं. ते योग्यच आहे.

तरी फोनवरून आलेला आवाज चिंचोळा असतो. त्याहून चांगली युक्ती अशी: तिकडच्या घरातल्या नातवाला किंवा नातीला दुसऱ्या फोनवर, बोलणाऱ्याच्या जवळ धरून, तिथेच रेकॉर्ड करायला सांगा. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. माइकचं बटण दाबून पाठवलेला निरोप दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल होती तशीच पोचते.

आता सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंग कानाला स्वच्छ लागतंय आणि तरी मजकूर बिघडतोय, अशी खात्री झाली की इथे या.

फोनवरचं किंवा गूगल डॉक्समधलं बोलून टंकन मराठीत चांगलं चालतं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये ज्या भारतीय भाषा त्यात घेतल्या, त्यांत मराठी होती. पण ते एका माणसाने समोर बसून सांगितलेलं लिहिण्यासाठी आहे. स्पीकरवर मुलाखत लावून फोन समोर धरला तर ते मध्येच थांबतं, वाक्यं गिळतं. त्याचा खरा उपयोग मी पुढे सांगते तसा करा.

मुलाखतीच्या फाइलीसाठी व्हिस्पर. ओपनएआयने ते सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलं. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे, आणि त्यात इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांचं लेखन मिळून १,१७,००० तास. तेव्हा मराठीकडून इंग्रजीइतकी अपेक्षा ठेवू नये, पण नीट वापरलं तर ते पुष्कळ काम हलकं करतं. आपल्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाने २२ भारतीय भाषांसाठी तयार केलेली मॉडेलंही, म्हणजे आवाज ऐकून मजकूर लिहायला शिकवलेले प्रोग्रॅम, खुली आहेत. दोन्हींना एकच तुकडा देऊन तुलना करावी.

नेहमी येणारे बिघाड ठरलेले आहेत. मध्येच ‘और’, ‘है’, ‘में’ दिसू लागलं तर भाषा ओळखण्याचं काम तुम्ही यंत्रावर सोडलंय. ते पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि मराठीला हिंदी समजण्याकडे झुकतं. भाषा मराठी आहे हे आधीच सांगून ठेवा. एकच वाक्य दहा-वीस वेळा लिहून आलं, किंवा शांततेच्या जागी कुणी न बोललेली आभाराची वाक्यं उगवली, तर शांत जागा आधी कापून टाका आणि मागच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला आधार म्हणून देण्याची सोय बंद करा. लहान मॉडेल मराठीत फार चुकतं. लॅपटॉप झेपवेल तेवढं मोठं घ्या, रात्री लावून झोपा. आणि सुरुवातीला सूचना म्हणून थोडे शब्द देता येतात. तिथे मी ‘मिलो, सुकडी, खडी, मुकादम, मस्टर’ आणि गावांची नावं घालते. फार लांब यादी देऊ नये. जागा थोडी असते आणि देवनागरी अक्षरं ती लवकर भरतात.

एक चूक मात्र हमखास सगळे करतात: उतरवण्याआधी खरखर काढणं. पंख्याचा आवाज पुसताना स, श, फ, थ यांचा श्वासही पुसला जातो. कानाला सुखद वाटतं आणि यंत्र आणखी चुकतं. मूळ फाइलच द्या, आणि मूळ फाइलीला कधीही हात लावू नका. तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

बोलीचं काय?

इथे मला सॉफ्टवेअरशी खरं भांडण आहे. रेकॉर्डिंग उत्तम, भाषा मराठी लावलेली, मॉडेल मोठं, आणि तरी आजींचं ‘व्हतं’ ते ‘होतं’ करतं, ‘न्हाय’चं ‘नाही’ करतं, ‘म्या गेलते’चं ‘मी गेले होते’. वाचायला गुळगुळीत लागतं. पण आजी तसं बोललेल्याच नाहीत. बातमीसाठी हे चालेल. बोलीचा, माणसाचा दस्तऐवज करायचा असेल तर चालणार नाही. ही चूक लक्षातही येत नाही, कारण ती चुकीसारखी दिसत नाही.

म्हणून मी दोन फेऱ्या करते. पहिली व्हिस्परची, ज्यातून कुठल्या मिनिटाला कुठला विषय आहे एवढा सांगाडा मिळतो. दुसरी कानाने. ओट्रान्स्क्राइब नावाचं फुकट साधन आहे, त्यात ध्वनी आणि मजकूर एकाच पानावर राहतात. एक कळ दाबली की थांबतं आणि पुन्हा सुरू करताना थोडं मागून सुरू होतं. जिथे यंत्राला काहीच उतरवता आलं नाही तिथे मी इअरफोनवर आजींना ऐकत, त्यांच्या मागोमाग तेच वाक्य स्वतः स्पष्ट बोलते आणि गूगलचं टंकन ते लिहून घेतं. आवाज माझा, अंतर वीतभर, खोली शांत. ते सहसा चुकत नाही. मग बोलीची रूपं हाताने परत बसवते. नुसत्या हाताने लिहिताना मला तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास लागायचे, आता तीन-साडेतीनात होतं.

आणखी एक. ही माणसं बोलता बोलता जमिनीचे वाद, सावकाराचं नाव, जातीवरून मिळालेली वागणूक सांगतात. असं बोलणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवण्याआधी त्यांना साध्या शब्दांत विचारलं पाहिजे, आणि त्यांचा होकार त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्या आवाजात असला पाहिजे. आजी ‘हां, घे की’ म्हणतात, पण कशाला हो म्हणतोय हे त्यांना कळलंय याची खात्री आपण करायची. माझ्या मते अशा मुलाखतींसाठी लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअरच घ्यावं, मग ते थोडं कमी हुशार असलं तरी.

त्या पहिल्या आजी गेल्या वर्षी वारल्या. पुन्हा जाऊन नीट रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं. सत्तेचाळीस मिनिटांची ती पंख्याखालची फाइल मी शेवटी कानाने उतरवली. एकतिसाव्या मिनिटाला एक शब्द काही केल्या कळत नव्हता. व्हिस्परने तिथे ‘वारसा’ लिहिलं होतं, मला ‘बारशी’ ऐकू येत होतं. दिवाळीत गावी गेले तेव्हा लॅपटॉप आणि मोठे हेडफोन घेऊन त्यांच्या धाकट्या जावेकडे गेले. त्याही त्या कामावर होत्या. मी तेवढा तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोनवर हात दाबून धरला आणि म्हणाल्या, ‘बराशी म्हंती ती. बराशीवर पैसं मिळायचं आमाला.’ बरास म्हणजे ब्रास, शंभर घनफूट खडी. मग त्या म्हणाल्या, ‘अजून लाव की, बाईचा आवाज ऐकू दे,’ आणि आम्ही ती फाइल पहिल्यापासून लावली.